भुलाबाई भुलोजी, मुक्काम धामणगाव बढे

मलकापूरचे नायब तहसीलदार बैलांच्या दमणीतून उतरले तेव्हा उकंडराव पाटील ओसरीवर बसून ज्वारीच्या धांड्यांचं मखर बांधत होते. कोजागिरीचा दिवस. महिनाभर घरोघर पोरीबाळींकडून गाणी ऐकून घेतलेली मातीची भुलाबाई आज शेवटची मखरात बसणार होती, आणि मखर बांधायचं काम सत्तरी उलटली तरी म्हातारा कुणाला करू देत नसे. गाठ सैल बसते म्हणे दुसऱ्याची.

"भुलाबाई भुलोजी याच घरात राहतात का?" नायबसाहेबांनी हातातल्या कागदावर नजर टाकत विचारलं.

"हाव," उकंडराव मान वर न करता म्हणाले. "महिना झाला येऊन."

"त्यांना जरा बाहेर बोलावता का?"

"बोलावू कशी बापा? कोनाड्यात बसली हाय ते."

नायबसाहेब थोडे घुटमळले. "आजारी आहेत का?"

"आजारी काऊन राहीन? पण जे काय बोलाचं ते आजच बोलून घ्या. उद्या सकायी जाऊन राह्यली."

"कुठे?"

"नदीवर. पोरी नेतेत वाजतगाजत, अन् बुडवून येतेत."

नायबसाहेबांनी टोपी काढली, रुमालानं कपाळ पुसलं आणि पुन्हा टोपी घातली. सरकारी नोकरीत त्यांनी पुष्कळ जबाब घेतले होते, पण घरच्या कर्त्या माणसानं इतक्या शांतपणे असं काही कबूल केलेलं त्यांच्या ऐकण्यात नव्हतं.

आत चुलीपाशी त्यांची सून अन्नपूर्णा खिरापतीचा चिवडा परतत होती. तिच्या हातातला झारा तिथंच थांबला. म्हाताऱ्याला काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्याचं बरं चाललं होतं. तिला सगळं ठाऊक होतं. आणि तरीही तिला हसू आवरेना. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती दाराआड येऊन उभी राहिली.

गोष्ट सगळी फाटकाची होती. गावाबाहेरच्या माळावर कापसाची जी जिन होती, तिच्यात अन्नपूर्णाचे यजमान उत्तमराव आणि मलकापूरचा एक शेठ असे दोघे भागीदार. हंगामात कापसातून सरकी वेगळी काढायला गावच्या बाया रेच्यावर, म्हणजे जिनीच्या यंत्रावर, बसत. पहाटेचा भोंगा झाला की फाटकाला कुलूप, ते संध्याकाळच्या भोंग्यालाच निघायचं. रुई चोरीला जाते, बिडीनं आग लागते, शेठची कारणं तयार असत. पण ज्यांची लेकरं अंगावर पीत होती त्यांनी काय करायचं? लेकरं फाटकाबाहेर लिंबाखाली कुणा म्हातारीजवळ, आणि आया आत. मागच्या हंगामात जिनीतल्याच मंजुळाबाईची लेक टिनाच्या भिंतीला कान लावून आपल्या तान्ह्याचं रडणं ऐकत होती आणि चोळी ओली करत होती. हे अन्नपूर्णानं स्वतः मंजुळाबाईच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्या रात्री तिला घास गोड लागला नव्हता.

मग उन्हाळ्यात तिचा धाकटा दीर वामनराव बुलढाण्याहून आला. वकील माणूस. त्यानं सहज सांगितलं की दिल्लीला मागल्या साली कायदा झालाय, यंदाच्या जूनपासून तो लागूही होतोय. सात मजुरांनी मिळून अर्ज केला तर त्यांचा संघ सरकारदरबारी नोंदला जातो. सहज सांगितलं ते दादाला, पण ऐकलं वहिनीनं. वहिनीनं ते मंजुळाबाईला सांगितलं, आणि मंजुळाबाईला सांगितलं म्हणजे गावाला दवंडी.

बायांनी सभा कुठं भरवायची? चावडीवर जमल्या तर दुसऱ्या दिवशी शेठला खबर. पण भाद्रपदाच्या पुनवेपासून महिनाभर भुलाबाईच्या नावानं बाया रोज एकीच्या घरी जमतात, त्यात कुणाला काय खटकणार? टिपऱ्या वाजत, गाणी होत, खिरापत काय आहे ते ओळखायचा गोंधळ होई, आणि मधल्या मधे संघाचं ठरत जाई. पाटलाच्या घरी पाळी आली त्या दिवशी वामनरावांचा कारकून महादेवराव अर्ज लिहायला आला होता. हा महादेवराव पुण्याचा. माणूस सरळ, अक्षर मोत्यासारखं, पण वऱ्हाडात येऊन त्याला जेमतेम चार महिने झाले होते.

"अध्यक्षांचं संपूर्ण नाव सांगा," त्यानं विचारलं होतं.

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. सात अंगठे सगळ्यांत मिसळून जातात, पण वरचं नाव एकटं असतं. ते ज्या बाईचं, तिला शेठ पहिल्यांदा फाटकाबाहेर काढणार. शेवटी मंजुळाबाईनं कोनाड्याकडे पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "लिहा. भुलाबाई."

"पतीचं नाव?"

"भुलोजी."

"व्यवसाय?"

"आमचा हाय तोच."

"पत्ता?"

"सध्या पाटलाच्या घरी हाय ते."

महादेवरावानं सगळं मोत्यांच्या अक्षरात उतरवलं. बायांना वाटलं, वकीलसाहेब वाचतील तेव्हा हसतील आणि कुणाचं तरी नाव घालतील. अन्नपूर्णालाही तसंच वाटलं, म्हणून तीही गप्प राहिली. पण वकील दुसऱ्यांचे कागद डोळ्यांत तेल घालून वाचतो, घरच्या कागदावर नुसती सही ठोकतो. अर्ज गेला नागपूरला. आणि आता तिथून आलेल्या तपासाच्या हुकुमावर हे नायबसाहेब आले होते.

वामनराव कोजागिरीला आलेच होते. ते माडीवरून उतरले, कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. पाठोपाठ उत्तमराव मळ्यातून आले. नायबसाहेबांनी सगळ्यांसमोर अर्जाचं कारण सांगितलं, सातही अंगठ्यांची नावं वाचली, आणि उकंडरावांना विचारलेले प्रश्नही सांगितले. उकंडरावांना पहिल्यांदा उलगडा झाला, तसे ते मखर बाजूला ठेवून असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला आणि सालाच्या बोलीवर राहिलेला गडी, सालदार इंद्रभान, याला पाणी घेऊन धावत यावं लागलं.

उत्तमरावांना मात्र हसू आलं नाही.

"माह्या घरात?" ते म्हणाले. "माह्या ओसरीवर बसून माह्याच जिनीच्या बाया माह्यावर संघ करून राह्यल्या? अन् चिवडा बी माह्याच घरचा?"

"ओसरी माही हाय," उकंडराव डोळे पुसत म्हणाले. "तू अजून वाटणी मागतली नाई."

"बाबा, तुम्ही मधात पडू नका."

"मी कुठं पडून राह्यलो? मी मखर बांधून राह्यलो."

दाराआड उभ्या असलेल्या अन्नपूर्णाला आपल्या सासऱ्याचा इतका लोभ वाटला की तिथंच वाकून नमस्कार करावा. पण यजमानांची नजर फिरत फिरत दारापर्यंत आली, आणि ती नजर रागापेक्षा दुखावलेली जास्त होती. ते पाहून तिला वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता हो. शेठसमोर त्याची मान वर होत नसे, एवढंच.

"साहेब," उत्तमराव नायबांकडे वळले, "सोपं हाय. लिहून टाका, असं कोणी माणूस नाई. मामला खतम."

"तसंच लिहावं लागेल," नायबसाहेब म्हणाले. "अध्यक्ष हयात माणूस पाहिजे. देवाधर्माचा मान राखून सांगतो."

"अन् सात बायाईचे अंगठे?" वामनरावांनी विचारलं.

"ते अर्जासोबत परत येतील."

परत येतील, म्हणजे नावं उघडी पडली आणि हाती काही नाही. नोंद झाली असती तर कायद्याचं छत्र होतं. आता हंगाम तोंडावर, आणि सात घरच्या चुलींची नावं यजमानांच्या कानावर पडलेली. अन्नपूर्णाच्या घरी बसून त्यांनी अंगठे दिले होते. तिच्या भरवशावर. तिनं त्या दिवशी पदराआड हसण्याऐवजी तोंड उघडलं असतं तर ही वेळ आली नसती.

तेवढ्यात अंगणात टिपऱ्या वाजल्या. दिवेलागणीला बाया ठरल्याप्रमाणे येत होत्या, मंजुळाबाई सगळ्यांत पुढं. टोपीवाला साहेब पाहून टिपऱ्या थांबल्या. कुणी मागं सरकली, कुणी लेकराला पदराखाली घेतलं. पण आल्या पावली कुणी परत गेली नाही.

"थांबा," वामनराव म्हणाले. चूक आपल्या सहीची, हे त्यांना खात होतं. "साहेब, अध्यक्षाचं नंतर पाहू. बाकी अर्ज ठीक हाय ना?"

"ठीक कुठला?" उत्तमरावांना आता हुरूप आला. "अरे वामन, ह्या बाया आज काय करून राह्यल्या? माह्या वावरात कापूस वेचून राह्यल्या. कालच सीतादही झालं, दहीभात शिंपडून वेचणी सुरू केली ह्याहीनं. जिन दिवाळीनंतर चालू होईन. मंग आज ह्या शेतातल्या मजूर. तुह्या कायद्यात शेतातला मजूर हाय का?"

नायबसाहेबांनी कागद चाळले. "व्यापार आणि उद्योग असं आहे. शेतीचं स्पष्ट नाव नाही."

"पाहा!"

"दादा, तुम्ही वकील काऊन नाई झाले?" वामनराव म्हणाले आणि पुढे सरसावले. "साहेब, चार सालाखाली हिंदुस्थान सरकारनं जिनिव्हाच्या करारावर मंजुरी देल्ली. तिथं साऱ्या मुलखाची मजुराईसाठी सभा भरते. त्यात लिहेल हाय, कारखान्यातल्या मजुराले संघ कराचा जेवढा हक्क, तेवढाच शेतातल्या मजुराले. शब्द देल्ला सरकारनं. मंग घरचा कायदा त्या शब्दापेक्षा अपुरा कसा चालन?"

"वकीलसाहेब, माझ्या कागदांत जिनिव्हा नाही."

"नसन. पण जगासमोर पाहुण्याले जेवाचं आवतन द्याचं, अन् घरात चूल पेटवाची नाई, हे बरं दिसते का?"

"चूल पेटेल तेव्हा पेटेल," नायबसाहेब हसले. "मी नायब आहे. मला आजचं लिहायचं आहे."

दारातून इंद्रभान म्हणाला, "मंग वकीलसाहेब, त्या जिनिव्हात आमचं बी हाय म्हणता? सालदाराचं?"

"हाय रे बापा. कागदावर हाय."

"तू बैलाले पाणी दाखव पयले," उत्तमराव खेकसले.

"दाखवतो मालक. पण ऐकलं म्या." आणि इंद्रभान जागचा हलला नाही.

उकंडरावांनी मखराची शेवटची गाठ मारली आणि धांडे हलवून पाहिले. मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "उत्तम, दसऱ्याले जिनीच्या यंत्राची पूजा कोणं केली?"

"म्या केली. काऊन?"

"अन् नारळ कोणाले वाटले?"

अन्नपूर्णानं दाराची चौकट घट्ट धरली. धामणगावात हे पोरासोरालाही ठाऊक होतं, की दसऱ्याला जिनीच्या पूजेचा नारळ ज्या बाईच्या हातात पडला ती त्या हंगामासाठी जिनीची झाली. मग मालकानं तिला सोडायचं नाही, आणि तिनं दुसऱ्या गावच्या जिनीवर जायचं नाही. कागदबिगद काही नाही. नारळ.

"मंजुळाबाई," म्हाताऱ्यानं अंगणाकडे पाहिलं, "तुमचे नारळ कुठं हायेत?"

"फोडून खाल्ले पाटील," मंजुळाबाई म्हणाली. "दसरा होऊन गेला ना. पण घेतले आम्ही सातही जणींनं, मालकाच्या हातून. खोबरं मोठं गोड होतं."

बाया खुसखुसल्या. नायबसाहेबांनीही मिशीत हसून घेतलं. "म्हणजे कामावर ठेवल्याचा रिवाज पूर्ण झालाय तर. दसऱ्यापासून या जिनीच्या मजूर. कबूल आहे का, उत्तमराव?"

नारळ दिला नाही म्हणावं तर देवासमोर खोटं, दिला म्हणावं तर हरलो. उत्तमराव ओट्याच्या कडेला बसले. "देल्ला," ते म्हणाले.

"मग राहिला अध्यक्ष." नायबसाहेबांनी टाक शाईत बुडवला. "बायांनो, तुमच्यापैकी कुणाचं नाव घालू?"

मघा हसणाऱ्या बाया आता जमिनीकडे पाहत होत्या. मंजुळाबाईनं एक पाऊल पुढं टाकलं आणि तिच्या लेकीनं मागून तिचं लुगडं ओढलं. घरात कमावणाऱ्या त्या दोघीच. अन्नपूर्णाला ते ओढणं दिसलं. तिला वाटलं, म्हातारी तरीही जाईल पुढं, आणि मग आपण जन्मभर या बाईला तोंड कसं दाखवायचं?

"भावजी," तिनं दाराआडूनच विचारलं, "अध्यक्ष जिनीतलीच बाई लागते का?"

वामनराव चमकून वळले. मग त्यांच्या डोळ्यांत हसू आलं. "नाई वहिनी. निम्मे पदाधिकारी बाहेरचे चालतेत. कायद्यातच सोय हाय."

"मंग माहं नाव घाला."

ती बाहेर आली. परक्या पुरुषासमोर ती आजवर ओसरीवर आली नव्हती. डोक्यावरचा पदर नीट केला आणि मंजुळाबाईच्या शेजारी अंगणाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

"तू आत जाय," उत्तमराव हळू आवाजात म्हणाले. "लोकं काय म्हणतीन? शेठ काय म्हणन?"

"शेठ काय म्हणाचं ते म्हणो. माह्या बाळंतपणात मी तापानं पडली होती, तवा तुमच्या पोराले कोणं पाजलं? ह्या मंजुळाबाईनं. आपलं लेकरू एका मांडीवर अन् तुमचं दुसऱ्या. तवा आपण दाराले कुलूप लावलं होतं का?" ती यजमानांकडे वळली. "मी तुमच्याशी भांडून नाई राह्यली. दुपारी फाटक उघडा म्हणते. लेकराले पाजून बाया परत येतीन. रुई काय चोळीत घालून नेतेत का त्या? चोळीत दूध हाय त्याहिच्या."

उत्तमरावांनी मान खाली घातली. इंद्रभाननं उगाच घसा साफ केला.

नायबसाहेबांनी भान ठेवून कागदाकडेच पाहिलं. "अध्यक्षांचं संपूर्ण नाव?"

"अन्नपूर्णा."

"पतीचं नाव?"

आणि इथं गाडी अडली. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? तिनं वामनरावांकडे पाहिलं.

"मी सांगतो ना," वामनराव म्हणाले.

"नाही, नियम आहे," नायबसाहेब म्हणाले. "ज्याचं त्यानंच सांगायचं. मघाच एका नावाचा अनुभव आलाय."

"मंग नाव घ्या ना पाटलीणबाई!" बायांतून कुणीतरी ओरडलं, आणि अंगणभर एकच गलका झाला. "घ्या नाव! घ्या नाव!" टिपऱ्या वाजायला लागल्या. मघाच्या घाबरलेल्या बाया त्या याच, हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. चंद्र नुकता लिंबाच्या शेंड्यावर आला होता. अन्नपूर्णानं डोळे मिटले, श्वास घेतला, आणि म्हणाली:

"जिनीच्या भोंग्यावर उठते सारं गाव,
दुपारी लेकराईसाठी फाटक उघडतीन... उत्तमराव!"

टिपऱ्यांचा कडकडाट झाला. नायबसाहेबांनी 'उत्तमराव' तेवढं लिहून घेतलं आणि बाकीचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"आता तू," उकंडराव मुलाला म्हणाले.

"मी काय?"

"नाव घे. सुनंनं घेतलं, मंग तू नाई घेनार? आपल्या घरात अशी रीत नाई."

"बाबा, साहेब बसले हायेत."

"मला घाई नाही," नायबसाहेब म्हणाले आणि त्यांनी टाक खाली ठेवला.

उत्तमराव उठले. पळून जावं तर दारात इंद्रभान, अंगणात बाया. त्यांनी मिशी कुरवाळली, आणि सुरुवात केली, "दुधात साखर, साखरेत वेलदोडा..."

"फाटकाचं बोला मालक!" मंजुळाबाई ओरडली. "वेलदोडा राहू द्या!"

"फाटक! फाटक!" बायांनी उचलून धरलं. उकंडराव मांडीवर टिपरी मारून ताल देत होते. शेठचा चेहरा उत्तमरावांच्या डोळ्यांसमोर आला असावा. निदान अन्नपूर्णाला तसं वाटलं, कारण त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी पायरीवर उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि ती आठी हळूहळू गेली. ते म्हणाले, आधी पुटपुटत, मग मोठ्यानं:

"दुपारचा भोंगा वाजन, उघडं राहीन दार,
अन्नपूर्णेपुढं आज म्या मानली हार."

बायांनी अंगण डोक्यावर घेतलं. मंजुळाबाईनं लेकीच्या कडेवरचं नातवंड ओढून घेतलं आणि ते घेऊन गिरकी मारली. वामनराव वहिनीला हात जोडत होते. पण अन्नपूर्णाचं त्या कशाकडे लक्ष नव्हतं. लग्नाच्या मंडपात एकदा या माणसानं तिचं नाव घेतलं होतं, तेही मामानं कानात सांगितलं म्हणून, आणि घाबरून अर्धंच. तेव्हापासून इतकी वर्षं ती 'अवं' होती, 'ऐकलं का' होती, पोरं झाल्यावर पोरांची माय होती. तिचं नाव या घरात कुणाच्या तोंडी नव्हतं. आणि आज अख्ख्या गावच्या बायांसमोर, सरकारी माणसासमोर, बापासमोर, त्यानं ते सबंध उच्चारलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

नायबसाहेबांनी पुन्हा टाक उचलला. "मग लिहू ना? अन्नपूर्णाबाई उत्तमराव, अध्यक्ष?"

"लिहा साहेब," अन्नपूर्णा म्हणाली. "पण त्याच्या आधी त्याहिले अजून एकडाव म्हणू द्या. मले नीट ऐकू नाई आलं."